प्रात:कालच्या दोन टिंबांनी केलेला घोळ

प्रश्न : नमस्कार दादा. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. आमच्या बाबांना गाण्याचं भयंकर वेड होतं, घरी बैठका व्हायच्या, डिसेंबरात तानसेन समारोहाला जायचे तेव्हाही टेपरेकॉर्डर पिशवीत असायचाच, त्यामुळे घरात १४० च्या वर कॅसेट निघाल्या. भाच्याने दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, त्याच्याकडे विंडोजऐवजी उबुंटू नावाचं लिनक्स आहे, आणि बाबांनी कव्हरवर जे लिहिलं होतं तेच नाव मराठीत फाइलीला द्यायचं असा हट्ट मीच धरला. मग त्याने सगळ्याची एक आयएसओ इमेज, म्हणजे सगळं फोल्डर मावणारी एकच फाइल, केली आणि पेनड्राइव्हवर घालून पुण्याला बहिणीकडे पाठवली. इथे उघडली की सगळं जिथल्या तिथे, आणि तिच्या विंडोजवर ‘प्रात:कालीन भैरव’ चं ‘प्रात_कालीन भैरव’ झालंय, लांबलचक नावं अर्ध्यात तुटलीत, आणि एका कॅसेटवर बाबांनी ‘राग कोणता?’ एवढंच लिहिलं होतं त्याचंही प्रश्नचिन्ह जाऊन तिथे आडवी रेघ आलीय. भाचा म्हणतो माझी इमेज बरोबर आहे, बहीण म्हणते पाठवलंच चूक, मी मधल्या मधे. बाड्यावरच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, नाम इंग्लिश में रख लो, झंझट खतम.” कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि ते मराठी नावं नीट सांभाळतं की नाही हे आधी तपासायचं कसं? जुनी हार्डडिस्क आता खडखड करायला लागलीय म्हणून घाई आहे.
— एक वाचक, लष्कर

उत्तर : ताई, आधी ती खडखड. हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी ते फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, इमेज बिमेज काही नको, साधी कॉपी, आणि भाच्यालाच करू द्या म्हणजे उबुंटूवरून उबुंटूच्याच फॉरमॅटमधल्या डिस्कवर जाईल आणि नावांना कुणी हात लावणार नाही. झालं? आता बोलू.

भाचा आणि बहीण दोघंही खरं बोलतायत, आणि हीच यातली गंमत आहे. आयएसओ इमेजमध्ये तुमचा भैरव एकदाच साठवलेला असतो पण त्याचं नाव दोन-तीन ठिकाणी लिहिलेलं असू शकतं. म्हणजे वाडा एकच, दारं तीन, आणि प्रत्येक दारावर वेगळ्या माणसाने रंगवलेली पाटी. पहिलं दार मूळ आयएसओ ९६६० चं, म्हणजे सीडीसाठी ठरवलेल्या नियमांचं, ते १९८८ चं, त्यात सगळ्यात कडक नियमाने बघितलं तर इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर म्हणजे खालची आडवी रेघ एवढंच चालतं, तेही आठ अक्षरं, टिंब आणि पुढे तीन. (योगायोग बघा, आपल्या लिप्यांसाठीचं इस्की नावाचं कोडही १९८८ चंच, आणि सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या कोडमधली देवनागरी त्याच्यावरूनच घेतलीय, पण सीडीवाल्यांची आणि इस्कीवाल्यांची गाठ काही पडली नाही.) दुसरं दार जोलिएट, हे मायक्रोसॉफ्टने काढलं, यात युनिकोड चालतं, देवनागरी चालते, पण नाव ६४ अक्षरांच्या आत बसवावं लागतं आणि काही चिन्हांना मज्जाव. तिसरं दार रॉक रिज, ते युनिक्स-लिनक्सवाल्यांचं, तिथे २५५ बाइटपर्यंत जवळजवळ काहीही चालतं. लिनक्स इमेज उघडताना आधी रॉक रिज शोधतं, विंडोजला रॉक रिज वाचताच येत नाही, ते जोलिएटच्या दाराने आत शिरतं. भाच्याने त्याच्या दारावरची पाटी वाचली, बहिणीने तिच्या. भांडण मिटवा.

आता ती दोन टिंबं. आपण मराठी माणसं विसर्गाच्या जागी सर्रास कोलन टाइप करतो, स्वत:, दु:ख, अंत:करण, प्रात:काल, सगळीकडे, कारण कोलनची कळ समोर दिसते आणि विसर्ग कुठे आहे ते कुणाला माहीत नसतं. या सदराचं आजचं शीर्षकही मी मुद्दाम कोलनने लिहिलंय, किती जणांच्या लक्षात आलं? कागदावर काही बिघडत नाही. पण कॉम्प्युटरला विसर्ग हे देवनागरीचं अक्षर आहे आणि कोलन हे विरामचिन्ह, आणि विंडोजमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे कोलन लागतो म्हणून फाइलीच्या नावात तो चालत नाही. जोलिएटमध्येही कोलन, अर्धविराम, तारा, प्रश्नचिन्ह आणि दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा यांना बंदी आहे. लिनक्समध्ये एकच तिरकी रेघ सोडली तर सगळं चालतं, म्हणून भाच्याला काही जाणवलं नाही, आणि इमेज करताना सॉफ्टवेअरने जोलिएटच्या पाटीवर गुपचूप कोलनच्या जागी अंडरस्कोर रंगवला. ‘राग कोणता?’ चं पण तेच.

अर्ध्यात तुटलेल्या नावांचं कारण ते ६४. आपल्याला वाटतं ६४ म्हणजे पुष्कळ, पण देवनागरीत मोजणी आपल्या डोळ्याने होत नाही. ‘प्रात:कालीन’ बघा. वाचताना पाच-सहा अक्षरं वाटतात, कॉम्प्युटर मोजतो प, हलन्त, र, काना, त, कोलन, क, काना, ल, दीर्घ वेलांटी, न, म्हणजे ११. प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी वेगळी, जोडाक्षरातलं पाय मोडणं वेगळं. बाबांनी कव्हरवर राग, ताल, गाणाऱ्याचं नाव, कुणाच्या घरची बैठक, हे सगळं लिहिलं असणार, आणि ‘भाग १’, ‘भाग २’ शेवटी. ६४ ला कापलं की दोन्ही भागांची नावं एकच होतात! मग सॉफ्टवेअरचा स्वभाव कळतो. काही तिथेच थांबतात आणि एरर देतात की या दोघांचं नाव सारखं होतंय, मला हीच आवडतात, काही शेवटाला आपल्या मनाने आकडा चिकटवतात. बहिणीकडच्या फाइली मोजून घ्या हं, नावं नव्हे, संख्या. १४० च्या जागी १३८ निघाल्या तर ते नावापेक्षा मोठं दुखणं आहे.

तुम्ही विचारलंय सॉफ्टवेअर कसं तपासायचं, तर त्याच्यासाठी बाबांची गाणी वापरू नका. एक ‘परीक्षा’ नावाचं रिकामं फोल्डर करा आणि त्यात छोट्या टेक्स्ट फाइली बनवा, मी साधारण डझनभर ठेवतो, वाकड्यात वाकड्या नावांच्या, आणि प्रत्येक फाइलीच्या *आत* तिचं खरं नाव शब्दांत लिहून ठेवतो, ‘माझ्या नावात कोलन आहे’, ‘माझ्या नावात खरा विसर्ग आहे’ असं. नाव कितीही बिघडलं तरी फाइल उघडली की कळतं मूळची कोण. हे भाच्याच्या उबुंटूवरच करायला लागेल, कारण विंडोज यातली निम्मी नावं बनवूच देणार नाही.

नावं कुठली घ्यायची? कोलनवालं दु:ख आणि विसर्गवालं दुःख, दोन्ही. दंड आणि पाइप म्हणजे इंग्रजी कळीवरची उभी रेघ, कारण पूर्णविरामाचा दंड कळीवर सापडला नाही की लोक उभी पाइप मारतात, दिसायला भाऊ-भाऊ पण पाइपला विंडोजमध्ये बंदी आणि दंडाला नाही. ग़ज़ल नुक्त्यासकट, म्हणजे खालच्या टिंबांसकट. एक नाव मुद्दाम ७० चं, आणि तसंच दुसरं ज्यात फक्त शेवटचा आकडा वेगळा. प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह. हात जोडलेली इमोजी, हसू नका, व्हॉट्सॅपवरून आलेल्या फाइलींना पुतण्या असली नावं देतात, आणि इमोजी युनिकोडच्या नंतरच्या पट्ट्यात असल्यामुळे तिथे जुनी सॉफ्टवेअर अडखळतात. इंग्रजीत एकच नाव एकदा लहान आणि एकदा मोठ्या लिपीत, लिनक्सला त्या दोन फाइली, विंडोजला एक. आणि इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘ऑक्स’! कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना ऑक्सची वायर लावतात म्हणून भाच्याने चाचणीच्या रेकॉर्डिंगला ते नाव दिलेलं असू शकतं, आणि डॉसच्या काळापासून ऑक्स, कॉन, पीआरएन, नल ही उपकरणांची राखीव नावं आहेत, विंडोज तिथे अजून कुरकुर करतं.

शेवटी टिंब असलेलं नावही घ्याच. यात माझं स्वतःचं तोंड पोळलंय. घरातली वंशावळ आणि जुने फोटो नीट लावताना मी फोल्डरला ‘आजोबा कै.’ असं नाव दिलं होतं लिनक्सवर, आणि आधीपासून एक ‘आजोबा कै’ होतंच, बिनटिंबाचं, कुणीतरी घाईत केलेलं. विंडोज नावाच्या शेवटचं टिंब आणि शेवटची मोकळी जागा उडवून टाकतं, तिकडे नेल्यावर दोन्ही आजोबा एक झाले आणि ‘फोटो १’ च्या डोक्यावर दुसरा ‘फोटो १’ बसला. आजोबांचा मुंजीतला फोटो गेला तो गेलाच.

तर अशा फोल्डरची इमेज करा. मग ती तीन दारांनी उघडून बघा. लिनक्सवर साधी माउंट केली, म्हणजे डिस्क लावल्यासारखी उघडली, तर रॉक रिज दिसेल, ‘नोरॉक’ हा पर्याय देऊन केली तर जोलिएट, आणि त्याच्या जोडीला ‘नोजोलिएट’ पण दिलं तर मूळ १९८८ चं दार, तिथे मराठी नावांच्या जागी अंडरस्कोरची माळ दिसेल, ती बघून घाबरायचं नाही. बहिणीला काय दिसणार हे पुण्याला न पाठवताच ‘नोरॉक’ ने कळतं. तरी शेवटची खात्री खऱ्या विंडोजवर करा, विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती उघडते, वेगळं काही घालावं लागत नाही. मग इमेजमधलं सगळं नव्या फोल्डरमध्ये काढा आणि मूळ फोल्डरशी ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडून बघा. डोळ्याने ताडू नका, का ते पुढच्या प्रश्नात येतंय.

बिघडलेलं नाव बघून दुखणं कुठे आहे तेही ओळखता येतं, थोडं नाडीपरीक्षेसारखं. चौकोन चौकोन दिसले तर नाव शाबूत आहे, त्या मशीनवर फाँट नाही एवढंच. अंडरस्कोर दिसला तर इमेज करतानाच अक्षर बदललं, त्या दाराच्या पाटीवरून ते गेलं. प्रश्नचिन्हं दिसली तर फसवं आहे, कधी नुसतं दाखवताना चूक होते आणि कधी खरंच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलेलं असतं, नावाचे बाइट हेक्समध्ये म्हणजे आकड्यांत बघितल्याशिवाय बोलू नये. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एक चिन्ह, मग आणखी एक, परत तोच ए, असा कचरा दिसला तर खुश व्हा! युटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच, हेक्समध्ये ई०, तो कुणीतरी युरोपी अक्षर समजून वाचतोय म्हणून दर तिसऱ्याला तोच ए येतो. बाइट सगळे जागेवर असतात, वाचणाऱ्याला नीट सांगितलं की नाव परत मिळतं. हा कचरा जोलिएटमध्येच लिहिला गेला असेल तर मात्र आणखी एक त्रास, एका अक्षराचे तीन झाल्यामुळे ६४ ची मर्यादा २१ अक्षरांवरच संपते आणि पुढचं कापलं जातं. भाचा इमेज जेनआयसोइमेज कमांडने करत असेल तर इनपुट कॅरसेट, म्हणजे नावं कुठल्या पद्धतीत आहेत ते, युटीएफ-८ आहे असं स्पष्ट लिहायला सांगा, अंदाजावर सोडू नका.

तुमच्यासाठी मी काय करीन ते सांगतो. कोलनच्या जागी खरा विसर्ग टाका, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून हायफनची कळ दाबली की येतो. उबुंटूच्या फाइल मॅनेजरमध्ये सगळ्या फाइली निवडून एफ२ दाबलं की शोधा-आणि-बदला मिळतं, पण डोळे मिटून करू नका, नाहीतर बाबांनी कुठे ‘सायं. ७:३०’ लिहिलं असेल तर साडेसातच्या मधे विसर्ग बसेल. ‘राग कोणता?’ चं प्रश्नचिन्ह काढा, नाइलाज आहे. प्रत्येक नावाच्या सुरुवातीला ००१, ००२ असा आकडा घाला म्हणजे शेपूट कापलं गेलं तरी कुणाचं नाव कुणावर चढणार नाही. आणि बाबांचे मूळ शब्द, कोलन-प्रश्नचिन्हासकट, एका यादीच्या टेक्स्ट फाइलीत लिहून ती त्याच इमेजमध्ये ठेवा, फाइलीच्या आत लिहायला कुठल्याच दाराची बंदी नाही.

इमेज करताना यूडीएफ हा पर्याय, म्हणजे आणखी एक दार, मिळाला तर तोही चालू ठेवा, त्यात देवनागरीची १२७ पर्यंत मावतात, आणि इमेजमध्ये यूडीएफ असेल तर विंडोज आधी तेच बघतं. अमुकच सॉफ्टवेअर घ्या असं मी म्हणणार नाही, भाच्याकडे जे आहे त्याचीच आधी परीक्षा घ्या, बहुतेक पास होईल.

प्रश्न : मी मुरारला असतो, बीएस्सीला आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘दऱ्याखोऱ्या’ नावाच्या दोन फाइली आहेत, दोन्हींचं नाव अगदी सेम टु सेम, एक मी केलेली आणि एक मित्राने त्याच्या जुन्या मॅकवरून दिलेली. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली कशा राहू शकतात? आणि सर्च केलं तर एकच सापडते.
— एक विद्यार्थी, मुरार

उत्तर : मित्रा, वरच्या ताईंना मी डोळ्याने ताडू नका म्हटलं ते ह्याच्यासाठीच. हा खास आपला मराठीचा प्रश्न आहे, हिंदीवाल्यांना दऱ्यामधला तो पापणीसारखा र लागतच नाही. तो लिहायचे तीन रस्ते आहेत. एक, खाली टिंब असलेला तयार ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, त्याला वेगळा नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे म्हणतात त्याला. स्क्रीनवर तिन्ही जुळी भावंडं. पहिले दोन युनिकोडच्या हिशेबाने एकच समजले जातात, तिसरा वेगळाच. तुझ्या कीबोर्डने बहुतेक पहिला टाइप केला, आणि मित्राच्या जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइलपद्धत अशा तयार अक्षराचे तुकडे करून साठवते, म्हणून त्याच्याकडून दुसरा आला. विंडोज आणि लिनक्स नावातले नुसते कोड बघतात, त्यांना ही दोन वेगळी नावं, नव्या मॅकवर दोन्ही एका फोल्डरात राहूच शकणार नाहीत.

ॲ चं याहून वाईट. एकाच कोडचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याच्या आधी आपण सगळे अ काढून त्यावर चंद्र लावायचो, आणि पुष्कळ कीबोर्ड अजून तेच करतात. ही दोन रूपं एकच आहेत असं युनिकोड मानतच नाही, म्हणजे ‘ॲडमिशन’ च्या दोन फाइली कुठलंही सॉफ्टवेअर जुळवून देणार नाही.

इमेजच्या परीक्षेत हे पण घाल, दऱ्या तिन्ही प्रकारांनी आणि ॲ दोन्ही प्रकारांनी, एकूण पाच फाइली. लिनक्सवर काढताना पाचच्या पाच निघाल्या पाहिजेत. चार निघाल्या तर सॉफ्टवेअर न विचारता नावं जुळवतंय, ते सोडून दे. नावांचे कोड बघायला फाइलींची यादी हेक्सडंपमधून काढ, तयार ऱ असेल तर ई०, ए४, बी१ दिसेल, आणि तुकड्यांचा असेल तर ई०, ए४, बी० आणि पुढे नुक्त्याचे आणखी तीन. आत्तापुरतं मित्राच्या फाइलीचं नाव पुसून स्वतःच्या कीबोर्डवर नव्याने टाइप कर, म्हणजे नाव आधीपासून आहे असा मेसेज येईल आणि तुझं तुलाच पटेल.

प्रश्न : संपूर्ण पेनड्राइव्हचीच इमेज केली तर? त्यातपण नावं बिघडतात का?
— एक वाचक, दौलतगंज

उत्तर : नाही, आणि हा फरक दुकानात कुणी सांगत नाही. पेनड्राइव्हची डीडीसारख्या कमांडने काढलेली इमेज म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत झेरॉक्स, त्या कमांडला तिथे फाइली आहेत हेच माहीत नसतं मग नाव काय बिघडवणार. बिघडतात ती फोल्डरवरून नव्याने बांधलेल्या इमेजमध्ये, कारण तिथे पाट्या नव्याने रंगतात. झेरॉक्सची अडचण वेगळी, पेनड्राइव्ह लिनक्सच्या ईएक्सटी४ ने फॉरमॅट केला असेल तर विंडोज ती इमेज सरळ उघडणारच नाही, आणि १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये दोन गाणी असली तरी इमेज १६ जीबीचीच होते.

प्रश्न : माझ्या जुन्या फाइली क्रुतीदेव फाँटमध्ये आहेत, त्यांच्या नावांचं काय होईल?
— एक निवृत्त टायपिस्ट, जनकगंज

उत्तर : काका, नावांना बहुधा काही होणार नाही, क्रुतीदेव म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच, वरून देवनागरीचा मुखवटा, आणि फाइलीचं नाव फाँट बघत नाही. फक्त नावात प्रश्नचिन्ह, अर्धविराम अशी इंग्रजी चिन्हं आली असतील तिथे वरचेच नियम. आतला मजकूर मात्र फाँट असलेल्या मशीनवरच वाचता येईल, तेव्हा फाँटची फाइलपण त्याच इमेजमध्ये टाकून ठेवा, आणि वेळ मिळेल तसं एकेक युनिकोडमध्ये करत जा, तुमचा टायपिंगचा स्पीड बघता पावसाळ्याच्या आत होईल.